योहिम्बे साल म्हणजे काय? ‘ताकदी’साठी विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन सालीचे उपयोग, परिणाम आणि धोके

मोबाईल उघडला की ‘पुरुषी ताकद वाढवा, शंभर टक्के नैसर्गिक’ अशा जाहिराती दिसतात. अशा काही पावडरी आणि कॅप्सूलच्या डब्यांवर ‘योहिम्बे’ किंवा ‘योहिम्बिन’ असं नाव असतं. झाडाची साल आहे, म्हणजे काही अपाय नाही, असं समजून ती घेणारे बरेच असतात. म्हणून ही साल नेमकी काय आहे, ते समजून घेऊ.

झाड कुठलं?

योहिम्बे हे आपल्याकडचं झाड नाही. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, म्हणजे कॅमेरून, नायजेरिया, गॅबॉन, काँगो या भागातल्या जंगलात ते वाढतं. कॉफी आणि आपला कदंब ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. आपल्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतल्या वाजीकरणाच्या औषधांत ते नाही. त्यामुळे डब्यावर ‘प्राचीन आयुर्वेदिक’ लिहिलं असेल, तर तिथेच शंका घ्यावी.

तिकडे वापर कसा होतो?

तिथले लोक पिढ्यान् पिढ्या ही साल उकळून काढा पितात. कामेच्छा वाढवण्यासाठी, थकवा घालवण्यासाठी आणि तापासारख्या आजारांवरही ती वापरली जाते. पुढे परदेशातून मागणी वाढली, आणि सालीसाठी झाडं आडवी करण्याचे प्रकार वाढले.

शरीरात काय होतं?

या सालीतून १८९६ मध्ये जर्मनीत ‘योहिम्बिन’ हा घटक वेगळा काढण्यात आला. तो शरीरातल्या नॉरअ‍ॅड्रेनलिन या द्रव्याचा जोर वाढवतो. घाबरल्यावर किंवा चिडल्यावर छाती धडधडते, त्यामागे हेच द्रव्य असतं. योहिम्बिनमुळे रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो आणि इंद्रियाकडे रक्तप्रवाह वाढू शकतो.

मग फायदा होतो का? शुद्ध योहिम्बिनच्या गोळ्यांवर जे प्रयोग झाले, त्यात काही पुरुषांना थोडाफार फरक पडल्याचं दिसलं. पण प्रयोग गोळीवर झाले, सालीच्या पावडरीवर नाही. नवीन औषधं आल्यापासून डॉक्टर ही गोळी फारशी देत नाहीत.

याच औषधाचा एक वेगळा उपयोगही आहे. हरणांसारख्या वन्य प्राण्यांना झायलाझीन देऊन गुंगी आणली, की पुन्हा जागं करण्यासाठी पशुवैद्य योहिम्बिनचं इंजेक्शन देतात. औषध किती जोरदार आहे, ते यावरून कळावं.

धोके कोणते?

• रक्तदाब वाढणे, छातीत धडधड
• अस्वस्थपणा, घबराट, हातपाय थरथरणे
• झोप उडणे, घाम, डोकेदुखी, मळमळ
• जास्त मात्रेत झटके येणे, हृदयविकाराचा झटका

डब्यात किती मात्रा आहे, हेही नक्की नसतं. अमेरिकेत २०१५ मध्ये ४९ ब्रँड तपासले, तेव्हा काहींत योहिम्बिन अजिबात नव्हतं, तर काहींत एका वेळच्या मात्रेत १२ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. मात्रा आणि दुष्परिणाम दोन्ही बरोबर लिहिणारे ब्रँड फक्त दोन होते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये खाद्यपदार्थांत ही साल वापरायला बंदीच घातली.

आणखी एक गोष्ट. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सिल्डेनाफिल हे इंग्रजी औषध गुपचूप मिसळल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत उघड झालं आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाने असा माल घेतला, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

कोणी अजिबात घेऊ नये?

बीपी, हृदयविकार, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेले, नैराश्याच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेले, आणि गरोदर महिला.

मग करायचं काय?

या तक्रारीमागे पुष्कळदा शुगर, बीपी, तंबाखू, दारू किंवा मनावरचा ताण असतो. कधीकधी रक्तवाहिन्या खराब होत असल्याची ही पहिली खूण असते, हृदयाचा त्रास नंतर दिसतो. म्हणजे लाजेपोटी लपून पावडर खाणारा माणूस मूळ आजार तसाच वाढू देतो. तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं आहे असं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. अशा मालाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करता येते.

आधीच घेतलं असेल आणि छातीत दुखत असेल, धडधड थांबत नसेल किंवा चक्कर येत असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. डबा सोबत न्या आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. उपचार त्यावरच ठरतात.