दुसुतीवरचा ‘ब’

बोदवडच्या बाजारात कृषी केंद्रावर, मेडिकलवर, नाहीतर मोबाईलच्या दुकानावर लाल ठिपक्यांची एलईडी पाटी पळत असते. कपाशीचं बियाणं आलं, उधारी बंद आहे, असलं काहीबाही. त्यात गावाचं नाव आलं की मी थांबून बघतो, कारण ‘बोदवड’ हे नाव ठिपक्यांच्या अक्षरांची परीक्षाच घेतं. चार अक्षरं; त्यांत ब आणि व ही एक जुळी जोडी, द आणि ड ही दुसरी. पेंटरच्या ब्रशला त्याचं काही वाटत नाही. ठिपक्यांत मात्र बोदवडचं ‘वोदवड’ व्हायला वेळ लागत नाही.

हिशेब साधा आहे. बाजारात मिळणारा पी-टेन हा फलक 32 ठिपके रुंद, 16 ठिपके उंच; दोन ठिपक्यांत 10 मिलिमीटर अंतर. रोमन लिपीचं 5 बाय 7 ठिपक्यांत भागतं. आपण वर मात्रेला चार ओळी, शिरोरेघेला दोन, खाली उकाराला दोन दिल्या, की अक्षराच्या अंगाला आठच उरतात. रस्त्यापलीकडून दिसावं म्हणून रेघ ठळक, म्हणजे दोन ठिपक्यांची केली, की ‘ब’च्या पोटात जेमतेम दोन-तीन ठिपक्यांची जागा राहते. तिथे तिरपी रेघ घातली तर पोट बुजतं, न घातली तर ‘व’ होतो.

या अक्षरांची रूढ कुळकथा एका दमात सांगता येते: आयआयटी कानपूरमधला 1980च्या दशकातला देवनागरी संगणकाचा प्रकल्प, पुण्याच्या सी-डॅकचं भारतीय लिपी दाखवणारं जिस्ट कार्ड, 1991चं युनिकोड, 1998पासूनचा युनिफॉन्ट, ज्यात देवनागरीही 16 ठिपक्यांच्या उंचीत बसवली आहे. सगळं खरं. पण ही यंत्राची वंशावळ झाली. अक्षराची वेगळी आहे.

तिचा धागा मला सुझन केअर यांच्यापाशी लागला. 1984च्या मॅकिंटॉशचा ‘शिकागो’ हा ठळक, ठिपक्याठिपक्यांचा टाइप त्यांचा. मॅकिंटॉशची चिन्हं त्यांनी आधी चौकटीच्या कागदावर घरं भरून काढली. आणि हे काम आपल्याला नवं नव्हतंच, कारण मोझेक आणि सुईकाम आधीच केलेलं होतं, असं त्या सांगत आल्या आहेत. सुईकाम! मग आपल्या भिंतीवरची ती काचेची फ्रेम कोणती? दुसुतीच्या कापडावर लोकरीने भरलेले दोन पोपट, मध्ये गुलाब आणि खाली ‘सुस्वागतम्’. एक टाका म्हणजे एक चौकोन, भरलेला नाहीतर मोकळा. मराठी घरांत ठिपक्यांची देवनागरी संगणकाच्या कितीतरी आधी आली, आणि ती बायकांनी आणली, असा माझा दावा आहे.

यावर रांगोळीवाले लगेच उठतात: ठिपके तर आमचे! मला ते पटत नाही. रांगोळीत ठिपका हा वाटाड्या असतो. आकृती होते ती ठिपके जोडणाऱ्या रेघेने. पाटीवर रेघ नाहीच, ठिपकेच अक्षर आहेत. सोलापूरवाल्यांचा दावा जास्त भक्कम. चादरीच्या काठावर विणलेलं नाव, त्यामागचा जकार्ड माग आणि त्याचे भोकांचे पुठ्ठे. तिथून संगणकाच्या छिद्रपत्रांपर्यंत सरळ वाट जाते. शिवाय जकार्डचा नमुनाही चौकटीच्या कागदावरच उतरवतात. एवढं मी मान्य करतो. पण मागावर सूत बारीक, धागे भरपूर, म्हणून गोलाई बरीच सांभाळली जाते. दुसुतीवर अक्षराच्या वाट्याला दहा-पंधरा घरं येतात. पाटीसारखीच चणचण, आणि म्हणून अक्षरही पाटीसारखंच.

दुसुतीवर अक्षरं आली कुठून, तर माझ्या मते बर्लिनहून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चौकटीच्या कागदावर छापलेले रंगीत नमुने निघाले आणि लोकरीच्या भरतकामाची युरोपभर लाट आली. आपले फ्रेममधले गुलाब, कुत्रे, मांजरं थेट त्याच घराण्यातले दिसतात. युरोपात मुलींनी कापडावर मुळाक्षरं भरून हात बसवायची पद्धत त्याहून जुनी. मिशनच्या कन्याशाळांतून हे सुईकाम मराठी मुलींपर्यंत पोचलं असणार आणि एबीसीच्या जागी कधीतरी अआइई आलं असणार. एवढा मधला दुवा मी तर्काने जोडतो, आणि बिनधास्त जोडतो.

कारण पुरावा अक्षरातच आहे. भरणारीला ‘ब’ची अडचण आली की ती अर्धा टाका घेते, नाहीतर पोटातून एकेरी दोऱ्याची तिरपी रेघ ओढते. घर बुजत नाही. पी-टेनला अर्धा ठिपका नाही. ठिपका पेटतो किंवा विझतो. त्यातही सोळा ओळी एकदम पेटतच नाहीत. एका क्षणी चारातली एक ओळ, आणि हे इतकं भरभर की डोळा फसतो. मोबाईलने फोटो काढा, निम्मं अक्षर गायब असतं. म्हणजे वारसा आला तो एक युक्ती गाळूनच.

जोडाक्षराचंही तसंच. ‘सुस्वागतम्’मधला ‘स्व’ दुसुतीवर ‘स’चा काना गाळून ‘व’ला व्यवस्थित चिकटवलेला असतो. स्वस्तातल्या पाटीत नुसता मजकूर टाइप करून पाठवला, की कित्येकदा ‘स’चा पाय मोडतो, ‘व’ लांब जाऊन उभा राहतो आणि वेलांटी चुकीच्या बाजूला पडते. मग पाटीवाला आख्ख्या ओळीचं चित्र करून ते पाटीवर चढवतो. म्हणजे पुन्हा तेच: कुठलं घर भरायचं, कुठलं सोडायचं.

आता ठिपक्यांच्या टाइपची हौस परत आलीय. गेमच्या नावांपासून लग्नपत्रिकेपर्यंत तो चालतो. देवनागरीत तसा ठळक टाइप करू पाहणाऱ्याला माझा सल्ला एकच: आधी ‘बोदवड’ लिहून बघ, आणि बिघडलं तर दुसुती भरणाऱ्या एखाद्या मावशीकडे चौकटीची वही घेऊन जा.