वडिलोपार्जित बंदूक : मूळ भाग की नवा भाग ?

आमच्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांत नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीतील एखादे तरी शस्त्र अद्याप जपून ठेवलेले आहे. तलवारी, कट्यारी व भाले यांची निगा राखणे त्या मानाने सोपे. बंदुकीचे तसे नाही. बंदूक ही अनेक भागांची जुळणी असते. त्यातील लाकडास वाळवी लागते, कमान तुटते, गज हरवतो, घोडा कोणीतरी काढून नेतो. मग घरातील एखादा कर्तबगार तरुण ती दुरुस्त करावयास निघतो आणि पहिल्याच पावलाला अडतो. जुन्या बाजारातून त्याच बनावटीच्या दुसऱ्या बंदुकीचा मूळ भाग मिळवावा, की कारागिराकडून हुबेहूब नवा करवून घ्यावा ? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो; यास्तव यंदाच्या स्मरणिकेत त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या बंदुका कोणत्या, ते पाहू. आपल्याकडील सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. पेटता तोडा घोड्याच्या चिमट्यात धरावयाचा, चाप दाबला की तो रंजकाच्या वाटीत उतरावयाचा, आणि रंजकाची आग नळीच्या बारीक छिद्रातून आतील दारूस पोहोचावयाची, एवढीच तिची करणी. नळी लांब, दस्ता सडपातळ, आणि नळी दस्त्याशी जखडलेली असे ती चामड्याच्या किंवा तारेच्या वेढ्यांनी. स्क्रूचा उपयोग अल्प. गावचा लोहार तिची दुरुस्ती करू शके, हा तिचा मोठा गुण होय. सीताबर्डीच्या टेकड्यांवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी जी लढाई झाली, तीत अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने लढणाऱ्या अरबांच्या हाती मुख्यतः अशाच लांब नळीच्या बंदुका होत्या. त्यांनी छोटी टेकडी घेतली होती हे विसरता कामा नये. पुढे डिसेंबरात याच अरबांनी नागपूर शहर लढविले आणि जुम्मा दरवाज्यावरील इंग्रजांचा हल्ला परतवून लावला. आजचे गांधीगेट ते हेच.

समोरच्या बाजूस होती कंपनीच्या शिपायांची चकमकीची बंदूक. तीत तोडा नाही. घोड्यात गारेचा तुकडा बसविलेला असतो, तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडते. कंपनीने आपल्या फौजेसाठी ठरविलेल्या नमुन्याची नळी ३९ इंचांची व तिचे छिद्र सुमारे पाऊण इंचाचे असे. पुढे इंग्लंडच्या सरकारी सैन्यानेही हाच स्वस्त व आटोपशीर नमुना उचलला. या बंदुका पाडावात, खरेदीत, बक्षिसात देशी संस्थानांच्या सैन्यांत व तेथून घरोघर पसरल्या. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पाटीवर चार भागांत विभागलेली हृदयाकृती असेल तर ती जुनी, आणि मुकुट धरून उभा राहिलेला सिंह असेल तर ती १८०८ च्या सुमारानंतरची, एवढे ज्ञान प्रत्येक घराने ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मूळ भाग’ या शब्दांनी पुष्कळांचा घोटाळा होतो. मूळ म्हणजे कोणाचा मूळ ? आजच्या यंत्राचा एक भाग काढून त्याच नमुन्याच्या दुसऱ्या यंत्रात बसविता येतो, म्हणून आपण तोच नियम मागे लावतो. परंतु त्या काळी कारागीर प्रत्येक कमान, प्रत्येक स्क्रू त्या एका बंदुकीपुरता कानशीने घासून बसवीत असे. इंग्रजी बंदुकांच्या आतील भागांवर छिन्नीच्या बारीक रेघा किंवा टिंबे दिसतात, ती अलंकार नव्हेत. या बंदुकीचे भाग त्या बंदुकीच्या भागांत मिसळू नयेत म्हणून केलेल्या त्या खुणा आहेत. कोणताही भाग कोणत्याही बंदुकीस बसावा अशी यंत्रावरची घडण इंग्लंडात एन्फील्डच्या कारखान्यात १८५० नंतरच्या दशकात सुरू झाली. त्यापूर्वीच्या बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीस बसवावयाचा तर तो घासावा लागतो, नाहीतर पाटीचे भोक मोठे करावे लागते. म्हणजे जो जुना म्हणून विकत घेतला तोही बिघडला, आणि जिच्यासाठी घेतला तीही बिघडली. शिवाय तो आला कोठून ? कोणीतरी एक साधी, नक्षी नसलेली, परंतु पूर्ण बंदूक मोडली तेव्हा तो बाजारात आला. एका घराचा वारसा सजविण्यासाठी दुसऱ्या घराचा वारसा फोडणे आम्हांस मान्य नाही.

आमच्या पाहण्यात अशी एक बंदूक आली, जिच्या पाटीवर सिंह होता, आणि नव्याने बसविलेला घोडा निराळ्या वळणाचा, निराळ्या जाडीचा होता. घरच्या मंडळींनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, सर्व भाग अस्सल आहेत. अस्सल होते खरे; परंतु ती बंदूक आता कोणत्याच शिपायाने कधी हाती धरली नव्हती.

याचा अर्थ जोडकाम हे सर्वच खोटे, असा नव्हे. २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने परत मिळविलेली रघूजी भोसले यांची तलवार पाहा. तिचे पाते युरोपात घडलेले आहे, मूठ आपल्याकडील धर्तीची सोन्याच्या कामाची आहे, आणि पात्यावर सेनासाहेब सुभा रघूजींचे नाव देवनागरीत आहे. दोन देशांची ही जोडणी वापराच्या काळातच झाली, म्हणून ती जोडणी हाच तिचा इतिहास होय. तोच न्याय बंदुकीस लावावा. पोलादी पट्टी गारेच्या घर्षणाने झिजली म्हणून तिच्यावर दुसरे पोलाद चढविलेले असेल, फुटलेल्या दस्त्यास पितळी पत्रा ठोकलेला असेल, तर ते काम बेढब दिसले तरी काढू नये. ते तुमच्या पूर्वजांनी पैसे मोजून करविलेले आहे.

याहून मोठा अनर्थ टोपीच्या बंदुकांबाबत होतो. १८४० नंतर गारेऐवजी तांब्याच्या लहान टोपीतील स्फोटक द्रव्याने बार उडविण्याची पद्धत फौजांत रूढ झाली, तेव्हा असंख्य चकमकीच्या बंदुकांची रंजकाची वाटी व पोलादी पट्टी काढून त्यांस टोपी बसविण्याची बोंडी लावण्यात आली. आज चकमकीच्या बंदुकीस भाव अधिक, म्हणून व्यापारी सांगतात की, “ही पुन्हा मूळ रूपात आणून देतो.” बोंडी कापतात, छिद्र बुजवितात आणि नवी वाटी, नवी पट्टी, नवा घोडा बसवितात. वस्तुतः टोपीची बोंडी ही साक्ष आहे. ती सांगते की, चकमकीचा जमाना सरल्यावरही, कदाचित १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही, ही बंदूक कोणीतरी वापरीत होते व तिच्यावर खर्च करीत होते. १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणातून व १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यातून ती वाचली. असा पन्नास-साठ वर्षांचा काळ एका दुपारी कानशीने पुसून टाकणे यास दुरुस्ती म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

तेव्हा नवा भाग हाच बरा, असे आमचे मत आहे. परंतु तो उघडपणे नवा असला पाहिजे. नव्या भागांचा मोठा धंदा आज जगात आहे. इटलीत गार्दोने या बंदूककारांच्या गावी, आणि आपल्या देशातही, जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती होतात. परदेशांत जुन्या लढायांचे देखावे उभारणाऱ्या हौशी लोकांना त्या लागतात. २००३ च्या सुमारास नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत नेल्या, त्यामुळे तिकडे जुने सुटे भागही मुबलक झाले. ते येथवर आणणे परवान्यावाचून शक्य नाही, हे ध्यानात असावे. प्रतिकृतीचा दोष असा की, साच्यातून ओतलेला भाग मोजमापात नेमका जुळत नाही. आणि तो आम्लात बुडवून मुद्दाम गंजविला की, फसवणुकीस प्रारंभ होतो. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिने भरून काढलेला भाग एकूण रूपाशी सुसंगत परंतु मूळापासून ओळखता येण्याजोगा असावा, असे ठरविले. बंदुकीस हेच पुरे.

तरीही प्रत्येक उणीव भरून काढावी असे नाही. नळी दस्त्यापासून सुटून दस्ता चिरत चालला असेल तर वेढा नवा घालावा. वाळवीने खाल्लेल्या जागी त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा जोडावा. सबंध दस्ता बदलू नये. गज नाही, तर नसू द्या. घोडा नाही, तर रिकामी जागाच प्रामाणिक. नळीस जोडकाम किंवा झाळकाम तर कदापि नको.

येथे कायद्याचाही संबंध येतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुन्या घाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या हत्यारांस सूट आहे खरी, परंतु ती दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नसतील तरच. ‘दुरुस्ती करून’ हे शब्द नीट वाचावेत. नवी कमान व नवा घोडा बसवून ज्याने बंदूक चालू केली, त्याने ती सूटही गमावली. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परवाना-अधिकाऱ्यांस विचारावे आणि परवानाधारक कारागिराकडेच जावे. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते व ती परदेशी पाठविता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिरंजीवांच्या दिवाणखान्यासाठी ती सामानात घालू नये.

खंडेनवमीच्या पूजेविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. चिंच व विटेची भुकटी लावून शस्त्रे लखलखीत घासण्याची आपल्याकडे चाल आहे. तांब्याच्या घंगाळास ती ठीक. बंदुकीच्या पाटीवरील हृदय किंवा सिंह मात्र पाच-पंचवीस दसऱ्यांत नाहीसा होतो. लोखंडावरचा घट्ट काळसर तपकिरी थर तसाच राहू द्यावा, भुसभुशीत तांबडा गंज तेवढा तेलाच्या फडक्याने काढावा. ओले कुंकू व हळद नळीवर न लावता दस्त्याशेजारी ठेवलेल्या पानावर वाहावी. आणि पूजेसाठी बंदूक खाली काढण्यापूर्वीच ती भरलेली नाही याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. ठासणीची बंदूक शंभर वर्षे भरलेली राहू शकते, आणि तोंडातून पाहून ते कळत नाही.

काम करविलेच, तर नव्या भागाच्या आतल्या बाजूस वर्ष कोरून घ्यावे, कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे ठेवावी. काढलेला जुना भाग, मग तो तुटका स्क्रू का असेना, कारागिराकडून परत मागून घ्यावा आणि कोणत्या बंदुकीचा, कोठला, ते चिठ्ठीवर लिहून सुती पिशवीत बंदुकीजवळच बांधून ठेवावा.