नेमो, वामन आणि चौपाटीवरचं विमान

रिलीजच्या गडबडीत गेले दोन वीकएंड हातचे गेले, त्यामुळे लिहिणं राहूनच गेलं. या शनिवारी मात्र ठरवून लॅपटॉप घरीच ठेवला आणि लालबागला अप्पांकडे गेलो. ताई आणि भाचा आधीच आले होते. भाचा आठवीत आहे. एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात डोकं खुपसून कॉटवर पडला होता. मी आत आल्यावर मान वर न करताच त्याने विचारलं, "मामा, बुंदेलखंड कुठे आहे?"

मला वाटलं, चला, पोरगं इतिहासाचा अभ्यास करतंय! बघतो तर पुस्तक रिक रायर्डनचं. हा तोच लेखक, ज्याची 'पर्सी जॅक्सन' ही मालिका २००५ पासून जगभरातल्या पोरांनी डोक्यावर घेतली. पोसायडनचा मुलगा आजच्या न्यूयॉर्कमध्ये शाळेत जातो, असं काहीसं प्रकरण. भाच्याच्या हातात होतं ते त्याचं २०२१ सालचं 'डॉटर ऑफ द डीप'. त्यात ग्रीक देव नाहीत, पाणबुड्या आहेत. आणि नायिकेचं नाव ॲना डक्कर. कॅप्टन नेमोची वंशज. म्हणजे मूळची बुंदेलखंडची!

इथे मी जरा सावरून बसलो. कारण कॅप्टन नेमो हा माझ्या लहानपणचा दोस्त. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या त्यातल्या 'समुद्र-सैतान'मधून तो मला भेटला होता. (हो, तेच भागवत, फास्टर फेणेवाले.) पण तो आपल्याकडचा आहे हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

गोष्ट मोठी मजेशीर आहे. १८६९-७० मध्ये व्हर्नची पाणबुडीची कादंबरी आली. त्याच्या मनात नेमो हा रशियाच्या झारवर सूड उगवणारा पोलिश उमराव होता. पण प्रकाशक हेट्झेलला ते चालेना. रशियात पुस्तकं खपायची होती ना! मग व्हर्नने नेमोचा देशच सांगितला नाही. पुढे १८७४-७५ च्या 'मिस्टिरियस आयलंड'मध्ये त्याने पडदा उघडला. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढून हरलेला. (टिपूचा भाचा बुंदेलखंडात कसा, हे व्हर्नलाच विचारायला हवं.)

आणि 'नेमो' हे नाव? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कुणीच नाही'. होमरच्या ओडिसीमधला ओडिसियस एकाक्ष राक्षसाला आपलं नाव हेच सांगतो. मग त्या राक्षसाचा डोळा फोडल्यावर तो बोंब मारतो की मला 'कुणीच नाही' मारतंय, आणि अर्थातच मदतीला कोणी येत नाही. म्हणजे बघा, ग्रीक पुराणातली युक्ती, विजेवर चालणारी पाणबुडी आणि १८५७ चा बंडखोर, तिन्ही एका माणसात. ग्रीक पुराणं आणि विज्ञानकथा यांची भेळ आजच्या लेखकांनी शोधली असं ज्यांना वाटतं त्यांनी नेमोला एकदा भेटून यावं. त्याच्याही आधी, १८१८ मध्ये, मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन'ला उपशीर्षक दिलं होतं ते 'आधुनिक प्रोमिथियस' असंच.

हे सगळं मी भाच्याला रंगवून सांगत होतो. अप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या ग्रीकांचं काय कौतुक? आपल्याकडे पुष्पक विमान होतं. आणि आपल्या तळपद्यांनी तर राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. याच्या भाषणात लिहून दिलंय मी."

भाषण? चौकशी केली तेव्हा कळलं. चाळीच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय आहे 'आपला वैज्ञानिक वारसा'. अप्पांनी चार पानी भाषण लिहून दिलंय. भाच्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मामा, हे खरं आहे का?"

आता इथे एक कबुली. हेच भाषण, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी त्याच स्टेजवर केलं होतं. मीही तेव्हा आठवीतच होतो. ते अप्पांनीच लिहून दिलं होतं आणि मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. स्टीलचा डबा. तो अजून आमच्याकडे आहे, त्यात साबुदाणा असतो. तेव्हा खरं की खोटं हा प्रश्न मला पडलाही नव्हता. भाच्याला पडला. त्यामुळे त्याला टाळणं शक्य नव्हतं.

रविवारी सकाळी बसून जमेल तेवढं वाचून काढलं. शिवकर बापूजी तळपदे हा माणूस खरा. मुंबईचा, संस्कृत ग्रंथांचा नाद असलेला, विमानविद्येने झपाटलेला. १८९५ मध्ये त्यांनी 'मरुत्सखा' नावाचं यान चौपाटीवर आकाशात सोडलं अशी कथा आहे. २०१५ मध्ये त्यावर 'हवाईजादा' नावाचा हिंदी सिनेमाही येऊन गेला. पण ते उड्डाण झालं हे सिद्ध करणारा त्या काळचा खात्रीलायक पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाचा फोटो आहे.

दुसरा मुद्दा 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा. अप्पांच्या भाषणात तो हजारो वर्षं जुना आहे. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. निष्कर्ष असा, की ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातलं एकही विमान उडू शकणार नाही. त्यांनी ग्रंथाची टर उडवली नाही. भाषा पाहिली, आकृत्या पाहिल्या, वजन आणि आकार यांचं गणित मांडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर नीट कोड रिव्ह्यू केला.

आणि गंमत म्हणजे त्याच १९७४ मध्ये, आपल्या मुंबईत, अगदी वेगळंच काहीतरी घडत होतं.

मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्या वर्षी 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! नावाची आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. तेव्हा ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भाषणात त्या कथेची दखल घेतली.

आता नारळीकरांच्या पुस्तकांची आणि कथांची नावं बघा. 'यक्षांची देणगी'. 'उजव्या सोंडेचा गणपती'. 'वामन परत न आला'. एका कथेचं नाव तर चक्क 'ट्रॉयचा घोडा'. म्हणजे पुराणांचं वावडं ह्या माणसाला अजिबात नव्हतं. पण तो पुराणाचा उपयोग कशासाठी करतो, ते महत्त्वाचं.

'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये सोंड उजवीकडे वळते ती चमत्काराने नाही. मोबियस पट्टीसारख्या पिळातून वस्तू फिरून आली तर तिची आरशातली प्रतिमा होईल, ह्या कल्पनेवर गोष्ट उभी आहे. 'वामन परत न आला' (१९८६) मध्ये जमिनीखाली एका जुन्या, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या माहितीवरून एक यंत्रमानव तयार होतो आणि त्याला नाव मिळतं वामन. प्रश्न असा, की आपल्यासारखाच दुसरा यंत्रमानव बनवण्याची विद्या त्याला मिळाली तर काय होईल?

इथे मला बळीराजा आठवतो. तीन पावलं जमीन, एवढंच तर मागितलं होतं! शुक्राचार्य ओरडून सांगत होते, तरी त्याने पाणी सोडलं. आता हिशोब करा. एकाचे दोन, दोनाचे चार, असं ३० वेळा दुप्पट केलं की आकडा १०७ कोटींच्या वर जातो. तिसरं पाऊल ते हेच. मागणी छोटी दिसते, तिचा गुणाकार दिसत नाही. ज्याने कधी चुकून थांबायची अट न घालता रिकर्शन लिहिलंय आणि सर्व्हर झोपवलाय त्याला बळीचं दुःख पटकन कळेल.

तर फरक हा आहे. नारळीकर पुराणातून प्रश्न घेतात. अप्पांचं भाषण (आणि माझंही) पुराणातून सर्टिफिकेट घेतं. पहिल्यात पुराणातला माणूस आजचा होतो, दुसऱ्यात आजचं यंत्र पुराणात नेऊन ठेवलं जातं. सुझन कॉलिन्सने २००८ च्या 'हंगर गेम्स'साठी थीसियसची गोष्ट घेतली. अथेन्सची सात मुलं आणि सात मुली क्रीटच्या राक्षसाला बळी द्यायच्या, ही ती गोष्ट. पण क्रीटमध्ये रिॲलिटी टीव्ही होता असं काही ती म्हणाली नाही! तिने एवढंच विचारलं, की हरलेल्यांची मुलं जिंकलेल्यांच्या करमणुकीसाठी मरत असतील तर तो समाज कसा असेल?

अर्थात, तिचं काम सोपं होतं हेही मान्य करायला हवं. झ्यूसला आज फारसं कोणी नवस बोलत नाही. आपल्याकडे गणपती दरवर्षी घरी येतो. लालबागमध्ये वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये चांद्रयान उतरलं तेव्हा कितीतरी मंडळांच्या देखाव्यांत बाप्पा आणि रॉकेट शेजारी शेजारी होते, आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. तो आनंद आहे, दावा नाही. दावा केला की मग पुरावा मागावा लागतो. नारळीकर तो मागायचे. २००८ मध्ये त्यांनी ज्योतिषाचीही चाचणी घेतली. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन मूल हुशार आहे की बुद्धीने मागे, एवढंच ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी बरं.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्या दिवशी ऑफिसात बरोबरच्या मुलामुलींना मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' सांगितलं होतं. पानिपतावर विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात आणि आपले गंगाधरपंत त्या वेगळ्या इतिहासातल्या मुंबईत येऊन पोहोचतात. टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःचीच पुस्तकं उघडतात. (दोघांनी ती अकरावीच्या इंग्रजीत धडा म्हणून वाचली होती!) मला त्या गोष्टीचं नेहमी वाटतं ते हे, की 'आम्ही जिंकलो होतो' असं खोटं न सांगताही 'जिंकलो असतो तर' हे सुख पुरेपूर घेता येतं.

हेच मी रविवारी संध्याकाळी भाच्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तळपद्यांचं विमान उडलं असतं तर, असं लिहू?"

लिहिलं त्याने. भाषणाऐवजी गोष्ट. १८९५ ची चौपाटी, वाळूत उभी असलेली माणसं, आणि समुद्रातून वर आलेली एक पाणबुडी. त्यातला म्हातारा दाढीवाला तळपद्यांना बॅटरी देतो आणि नाव विचारल्यावर सांगतो, "कुणीच नाही." स्पर्धेच्या नियमात बसत नाही म्हणून नंबर येणार नाही, हे त्याला माहीत आहे.

अप्पांना वाईट वाटलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना माझ्याकडे बघितलं नाही. गिरणी बंद पडल्यावर ज्या माणसाकडे अभिमान बाळगायला फारसं काही उरलं नव्हतं त्याच्याकडून मी एक विमान काढून घेतलं, असं मला वाटत राहिलं. अजूनही वाटतंय.

निघताना मात्र बघितलं, तर चष्मा लावून ते भाच्याची वही तपासत होते. "चौपाटीतला 'पा' मोठा काढ," एवढंच म्हणाले. मग पान उलटून पुढे वाचत राहिले.