ब्रेननांच्या घरचं गाणं

ऑक्टोबर १९८२. ब्रिटनमध्ये टीव्हीवर सलग तीन रात्री ‘हॅरीज गेम’ नावाची मालिका लागली. गोष्ट उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपाताची. बेलफास्टमध्ये नाव बदलून घुसलेला एक ब्रिटिश हेर, आणि तो ज्याच्या मागावर आहे तो बंदूकधारी. सगळं संपून पडद्यावर नावं सरकू लागली की अनेक गळ्यांतून एक संथ, गार सूर उठायचा. शब्द आयरिश भाषेतले. बहुतेक प्रेक्षकांना त्यातला एकही कळत नव्हता, तरी ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. आयरिश भाषेतल्या गाण्याने तिथे इतकी मजल याआधी कधी मारली नव्हती.

गाणाऱ्या गटाचं नाव क्लॅनाड. दोन भाऊ, त्यांची बहीण आणि दोन जुळे मामा. या भावंडांची धाकटी बहीण दोन वर्षं गटात गाऊन, कीबोर्ड वाजवून त्याच वर्षी बाहेर पडली होती. त्या गाण्यात तिचा आवाज नाही. पण पडद्यावर धुकं, हिरवे डोंगर किंवा हरवलेलं राज्य दिसलं की जो आवाज आज जगाच्या कानांत वाजतो, तो तिचा: एन्या.

हा आवाज हजारो वर्षं जुना असावा असंच ऐकणाऱ्याला वाटतं. तो जुना नाही. तो एका घराने, एका भाषेच्या आधाराने, एका पिढीत घडवला आणि त्यासाठी फार कष्ट उपसले. प्राचीनतेच्या दंतकथेपेक्षा ही खरी हकिकत कितीतरी मोलाची आहे.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगॉल परगणा, त्यात ग्वीडोर. एरिगल डोंगराच्या पायथ्याशी पीटची काळी दलदल, खडकाळ जमीन, समोर अटलांटिक. एकोणिसाव्या शतकात इथली कुळं खंडासाठी नाडली गेली. १८८९ मध्ये डेरीबेगच्या चर्चबाहेर पाद्रीबाबांना अटक करायला आलेला पोलीस अधिकारी जमावाच्या हातून मारला गेला. पोटासाठी माणसं स्कॉटलंडच्या शेतांत बटाटे काढायला जात. एवढ्या ओढाताणीत ग्वीडोरने आयरिश भाषा सोडली नाही. घरात, बाजारात, देवळात तीच. पुढे १९७२ मध्ये आयरिश भाषेचं स्वतंत्र नभोवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याचा एक स्टुडिओ डेरीबेगला आला.

तिथे लिओ ब्रेनन हा अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा माणूस ‘स्लीव फॉय’ नावाचा शोबँड चालवत असे. शोबँड हा पन्नास-साठच्या दशकांतला खास आयरिश धंदा: सात-आठ जणांचा ताफा गावोगावच्या नाचघरांत जाऊन रात्र रात्र चालू गाणी वाजवायचा. लिओची बायको, ‘बाबा’ या नावाने ओळखली जाणारी, संगीतशिक्षिका, डेरीबेगच्या चर्चमधल्या गायकवृंदाची प्रमुख. तिच्या माहेरी नाटकाचं वेड. पोरं नऊ. १९६८ मध्ये लिओने फिरती थांबवून मीनालेकला पब काढला, ‘लिओज टॅव्हर्न’. संध्याकाळी गिऱ्हाइकांसमोर तो अ‍ॅकॉर्डियन घेऊन उभा राही आणि मुलं गायला लागत. दिवसा आईकडे सूर घोटायचा, रात्री बापाच्या पबात लोकांपुढे उभं राहायचं. याहून चांगली शाळा कुठली असणार?

१९७० मध्ये यांतल्या तिघांचा आणि त्यांच्या जुळ्या मामांचा गट उभा राहिला. ‘क्लान अस डोअर’, म्हणजे डोअर गावचं कुटुंब, यातून क्लॅनाड हे नाव झालं. आयरिशमध्ये गाऊन कुठे पोचणार, असं त्यांना ऐकवलं जाई. त्यांनी वाटही बदलली नाही आणि भाषाही. बारा वर्षांनी ‘हॅरीज गेम’ने उत्तर दिलं. मग दारं उघडली. १९८४ च्या ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ मालिकेच्या संगीताला बाफ्टा पुरस्कार मिळाला.

एन्याचा जन्म १९६१ चा, नऊ भावंडांत सहावी. कागदोपत्री नाव एथ्ने नी व्ह्रिनॉइन असं लांबलचक. डोनेगॉलमध्ये ‘एथ्ने’चा उच्चारच ‘एन्या’सारखा होतो. बाहेरच्यांची जीभ अडखळू नये म्हणून तिने कानाला येतं तसंच नाव लिहायला सुरुवात केली. क्लॅनाडचा व्यवस्थापक आणि ध्वनिमुद्रक निकी रायन याच्याशी गटाचं बिनसलं, तेव्हा ती निकी आणि त्याची बायको रोमा यांच्याबरोबर निघाली. घर सोडून डब्लिनच्या उत्तरेला, आर्टेन उपनगरात त्यांच्याकडे राहिली. तिघांनी मिळून घराच्या मागे छोटा स्टुडिओ थाटला. एन्या चाली बांधी, रोमा शब्द लिही, निकी ध्वनी घडवी. हे तिघांचं कुटुंब पुढे चार दशकं टिकलं. त्यामुळे ‘एन्या’ हे खरं तर तिघांचं नाव आहे, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

निकीच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती: एकाच बाईच्या गळ्यातून अख्खा गायकवृंद उभा करायचा. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर वाद्यांवर वाद्यं रचून ध्वनीची भिंत उभारी, तशी भिंत आवाजाची. एन्या एक ओळ गायची. टेप मागे घ्यायची. तीच ओळ पुन्हा, मग पुन्हा. दर खेपेला श्वास केसभर पुढेमागे होतो, सूर किंचित हलतो. त्या हलण्यातच सगळी जादू आहे. यंत्राने एकाच मुद्रणाच्या प्रती काढून एकावर एक ठेवल्या, तर आवाज नुसता मोठा होतो, माणसांचा मेळा होत नाही. म्हणून ती प्रत्येक थर खरोखर गायली. काही गाण्यांत असे शेकडो थर आहेत.

पहिलं मोठं काम पडद्याचंच. १९८४ मध्ये ‘द फ्रॉग प्रिन्स’ या चित्रपटाचं संगीत तिने केलं. वाद्यवृंदाची रचना दुसऱ्याच्या हाती गेली आणि तिच्या मनासारखं झालं नाही. मग बीबीसीची ‘द केल्ट्स’ ही सहा भागांची माहितीमालिका आली. आधी एकाच भागापुरतं बोलावणं होतं. तिचं संगीत ऐकल्यावर दिग्दर्शकाने सगळी मालिका तिच्याकडे सोपवली. मालिका १९८७ मध्ये दाखवली गेली आणि तिचं संगीत हाच एन्याचा पहिला अल्बम ठरला.

तो ऐकून वॉर्नर म्युझिकच्या ब्रिटनमधल्या प्रमुखाने, रॉब डिकिन्सने, तिला करारबद्ध केलं. १९८८ च्या ऑक्टोबरात ‘ओरिनोको फ्लो’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तीन आठवडे तिथे राहिलं. त्या गाण्याचा ठेका धरणारी टपोरा टणत्कार असलेली तार आठवते ना? ती तार नव्हे. रोलँड या जपानी कंपनीच्या डी-५० कीबोर्डमध्ये कारखान्यातूनच भरून आलेला तो आवाज आहे. डेरीबेगच्या गायकवृंदाचे संस्कार आणि जपानी कीबोर्ड यांचा असा संगम झाला, तेव्हा कुठे जगाला ‘केल्टिक’ वाटणारा नाद जन्मला.

हा नाद पडद्यावाचून राहिला नाही. ‘फार अँड अवे’ या १९९२ च्या चित्रपटासाठी ‘बुक ऑफ डेज’चे काही मूळ आयरिश शब्द बदलून इंग्रजी घातले गेले, ही गोष्ट मनाला थोडी लागते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २००१ मधल्या पहिल्या भागासाठी मात्र ती टोल्किनच्या एल्फ जमातीच्या कल्पित भाषांतही गायली, त्यातल्या ‘मे इट बी’ला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि तिने ते सोहळ्यात प्रत्यक्ष गायलं. असे प्रसंग विरळाच. गाण्याचे दौरे तिने कधी केले नाहीत. शेकडो थरांचा आवाज मंचावर आणायचा कसा, हा प्रश्न तिच्यापुढे पहिल्यापासून होता. चार ग्रॅमी मिळाले, चारही ‘न्यू एज’ या सदरात; सदराचं ते नाव तिला पटत नाही.

‘द केल्ट्स’च्या संगीतात ‘बोडिसिया’ नावाचा एक तुकडा आहे. इसवी सन ६० च्या सुमारास रोमनांवर उठलेल्या राणीचं नाव त्याला दिलं आहे. त्यात शब्द नाहीत, नुसता गुणगुणलेला, खोल, जड सूर आहे. १९९६ मध्ये फुजीज या अमेरिकन हिप-हॉप गटाने तो न विचारता आपल्या ‘रेडी ऑर नॉट’खाली घातला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, एन्याला श्रेय दिलं गेलं. २००४ मध्ये मारिओ विनान्सने तोच सूर घेतला आणि त्याचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. २०२२ मध्ये मेट्रो बूमिनच्या ‘क्रीपिन’ मध्ये तो पुन्हा आला. आर्टेनच्या काळातलं, एका माहितीमालिकेपुरतं केलेलं ते गुणगुणणं त्या वर्षी नव्या पिढीच्या हेडफोनमध्ये वाजत होतं, अजूनही एकाही शब्दाशिवाय.