संयोग आणि व्युत्पत्ती : मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यातील एका सीमारेषेचा इतिहास

मुक्त सॉफ्टवेअर आणि खाजगी मालकीचे सॉफ्टवेअर यांची जोडणी कोणत्या अटींवर करता येते, हा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञांचा किंवा वकिलांचा मानला जातो. त्याचा इतिहास पाहता मात्र तो मूलतः अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे, असे दिसून येते. 'आधारित' या एका विशेषणाची व्याप्ती किती, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहिले आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. या प्रकल्पाचा जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल हा परवाना, १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. प्रोग्राम वापरण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा तो देतो. परंतु त्यावर आधारित कृती जो वाटील, त्याने ती संपूर्ण कृती त्याच परवान्याखाली, सोर्स कोडसह उपलब्ध केली पाहिजे, असे बंधनही घालतो. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीने 'आधारित कृती'चा अर्थ कॉपीराइट कायद्यातील 'व्युत्पन्न कृती' या संज्ञेशी जोडला. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात या संज्ञेची उदाहरणे भाषांतर, संक्षेप, नाट्यरूपांतर अशी आहेत. या सर्वांत मूळ संहितेची पुनर्घडण होते. दोन प्रोग्राम लिंकरने जोडले असता दोहोंच्या सोर्स कोडमधील एक ओळही बदलत नाही. मग अशा संयोगाला व्युत्पत्ती म्हणावे काय?

हा प्रश्न प्रत्यक्षात प्रथम उभा राहिला तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट या कंपनीने ग्नूच्या जीसीसी कंपायलरला ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचा भाग जोडला होता. तो खाजगी ठेवण्यासाठी कंपनीने अशी योजना सुचविली की, आपला भाग केवळ यंत्रभाषेतील फायलींच्या रूपाने द्यावा आणि जोडणी ग्राहकाने स्वतः करावी. हे कायदेशीर ठरेल, असेच स्टॉलमन यांना प्रथम वाटले होते. परंतु त्यांच्या वकिलाचे मत निराळे पडले. न्यायाधीश अशा योजनेकडे पळवाट म्हणून पाहतील. वस्तूवर चिठ्ठी कोणती लावली आहे हे न पाहता ती खरोखर एकच प्रोग्राम आहे की नाही हे पाहतील, असे त्याने सांगितले. अखेर कंपनीने तो भाग जीपीएलखाली दिला. ऑब्जेक्टिव्ह-सीचे प्रोग्राम चालविण्यास लागणारी लायब्ररी मात्र तिने दिली नाही. ती ग्नू प्रकल्पाला स्वतंत्रपणे लिहावी लागली. कंपायलरच्या देहात मिसळलेले हाती आले, बाहेरचे बाहेरच राहिले.

१९९२ मध्ये 'क्लिस्प' या लिस्प भाषेच्या प्रणालीचे एक कर्ते ब्रूनो हाइबले यांनी हाच वाद पुन्हा उपस्थित केला. क्लिस्प ही ग्नूच्या 'रीडलाइन' लायब्ररीचा उपयोग करीत असे. दोन्ही भाग वेगवेगळे द्यावेत व वापरणाऱ्याने ते जोडावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्टॉलमन यांनी तो मान्य केला नाही आणि शेवटी क्लिस्प जीपीएलखाली आली. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, समासाचा विग्रह करता येतो म्हणून समास एकपद नाही असे ठरत नाही, हीच स्टॉलमन यांच्या भूमिकेची दिशा होती.

या भूमिकेच्या मर्यादाही त्याच काळात आखल्या गेल्या. एकाच साठवण-माध्यमावर स्वतंत्र कृती केवळ एकत्र ठेवल्याने त्यांना बंधन लागत नाही, असे दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट नमूद आहे. १९९१ मध्येच लायब्रऱ्यांसाठी एलजीपीएल हा सौम्य परवाना निघाला. त्यान्वये खाजगी प्रोग्राम लायब्ररीशी जोडता येतो. मात्र लायब्ररीत बदल करून ती पुन्हा जोडण्याची सोय वापरणाऱ्याला राहिली पाहिजे. १९९२ मध्ये जीपीएलखाली आलेल्या लिनक्स कर्नलच्या परवान्यासोबत लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी असे निवेदन जोडले की, नेहमीच्या सिस्टिम कॉलद्वारे कर्नलच्या सेवा घेणारे प्रोग्राम व्युत्पन्न मानले जाणार नाहीत. येथे सीमा आखली ती कर्त्याच्या निवेदनाने.

नेक्स्ट व क्लिस्प ही दोन्ही प्रकरणे न्यायालयात गेली नाहीत, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे २००४ मध्ये म्युनिक येथील न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक मानल्या. २००८ मध्ये अमेरिकेतील फेडरल सर्किट न्यायालयाने 'जेकबसन विरुद्ध कॅट्झर' या खटल्यात, मुक्त परवान्याच्या अटींचा भंग हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असा निर्णय दिला. परवान्याचे बळ त्यामुळे सिद्ध झाले. परंतु निव्वळ जोडणीने व्युत्पत्ती होते काय, हा त्या निवाड्यांचा विषय नव्हता. भारतीय कायद्याने १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रामांचा समावेश साहित्यकृतींत केला. तेथे 'व्युत्पन्न कृती' ही संज्ञाच नाही. 'रूपांतर' ही आहे. अमेरिकन शब्दाच्या आधारे घडलेला परवाना येथे लावताना अर्थनिर्णयाचे हे काम नव्याने करावे लागते.

तात्पर्य, ज्या सीमारेषेवर मोठमोठ्या उद्योगांचे व्यवहार उभे आहेत, ती बऱ्याच अंशी परवानाकर्त्यांनी लावलेल्या आणि इतरांनी खटल्यावाचून स्वीकारलेल्या अर्थाने आखली गेली आहे. शब्दाचा अर्थ रूढीने स्थिर होतो, हे भाषाशास्त्राला नवे नाही. मात्र ती रूढी कोणी व कोणत्या प्रसंगी पाडली, याची नोंद येथे उपलब्ध आहे, आणि म्हणूनच हा इतिहास अभ्यासनीय ठरतो.