हरवलेला रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

श्रोते हो, रिसोडच्या पंचक्रोशीत जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारा पिंगळा तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या जोशालाही आपण पिंगळाच म्हणतो. या पाखराचा एक भाऊबंद मात्र गावाकडे फिरकत नाही. त्याचं नाव रानपिंगळा. तब्बल ११३ वर्षे तो शास्त्रज्ञांना सापडला नाही, त्याची ही हकीकत.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडातील बसना गावाजवळ हा पक्षी मिळाला. १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी आणखी काही नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा नमुना एकही मिळाला नाही.

संग्रहालयात पक्ष्याचे कातडे भरून ठेवतात आणि त्याला चिठ्ठी बांधतात: कोठे मिळाला, केव्हा मिळाला, कोणी मिळविला. त्या चिठ्ठीवाचून नमुन्याला किंमत नाही. कर्नल माइनर्त्सहागेन यांच्या संग्रहातील एका रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर तापीकाठचे मांडवी गाव आणि १९१४ साल होते. जाणत्यांनी ती खरी मानली. सालीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही पुढे या पक्ष्याचा शोध केला, पण व्यर्थ!

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांना त्या चिठ्ठीचा संशय आला. कातडे भरण्याची धाटणी डेव्हिडसन यांची होती. म्हणजे त्यांचाच जुना नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधलेली! ही लबाडी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवीचा नाद सोडून खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली. पूर्वेकडे काही सापडेना, म्हणून ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा निष्पर्ण झाडावर बसलेला दिसला. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी वावरतो!

मग पाहणी वाढली. आपल्या अकोल्याच्या उत्तरेला असलेल्या मेळघाटातही तो आढळला, आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. पण ही राने सलग उरलेली नाहीत. मधे शेते, रस्ते, वस्त्या आल्या. रानपिंगळा घरटे करतो ते झाडाच्या ढोलीत. जुनाट साग तुटला की ढोली गेली, आणि एका तुकड्यातले पाखरू दुसऱ्या तुकड्यात जाईलच असे नाही. म्हणून कोणत्या तुकड्यात काय आहे, हे आधी कळले पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम शाळेलाही जमण्यासारखे आहे. मुलांनी एक वही करावी. पाखरू दिसले की तारीख, वेळ, ठिकाण आणि झाड लिहावे. नाव ठाऊक नसेल तर तसेच लिहावे, अंदाजाने ठोकून देऊ नये. डेव्हिडसन यांच्या खऱ्या चिठ्ठ्या शंभर वर्षांनी उपयोगी पडल्या. तुमच्या गावच्या झाडांची खरी नोंद पुढच्या माणसाला तशीच उपयोगी पडेल.