तळटीप : संघीय खटला आणि स्थानिक वकील

१. अमेरिकेत संघीय फौजदारी कायदा देशभर एकच असला, तरी तो राबवणारी जिल्हा न्यायालये ९४ आहेत आणि प्रत्येकाचे स्थानिक नियम, वकिलांची नोंदणी व रीत निराळी. त्यामुळे त्याच न्यायालयात वावरणारा स्थानिक वकील करावा, हा लेखकाचा सल्ला व्यवहाराला धरूनच आहे. तिथले बहुतांश खटले साक्षीपुराव्यापर्यंत जातच नाहीत. आरोपी सरकारी वकिलाशी बोलणी करून गुन्हा कबूल करतो. शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही २००५पासून न्यायाधीशांवर बंधनकारक नाहीत. साहजिकच समोरचा सरकारी वकील कुठवर नमते घेईल आणि न्यायाधीश कशाला महत्त्व देतात, हे त्याच न्यायालयात रोज उभे राहणाऱ्याला नेमके ठाऊक असते.

यावर आक्षेप असा की, खासगी वकील करणाऱ्या आरोपीला आपल्या पसंतीचा, अगदी परराज्यातलाही वकील देण्याचा घटनादत्त हक्क आहे. खरे आहे. हा हक्क अन्यायाने डावलला म्हणून मिसूरीतील एका आरोपीची दोषसिद्धी रद्द करणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये कायम केला. पण त्याच खटल्यात कॅलिफोर्नियाहून आलेल्या वकिलाला प्रेक्षकांत बसावे लागले, आणि त्याने स्थानिक वकिलाशी बोलू नये म्हणून दोघांच्या मध्ये मार्शल बसवला होता. हक्क सिद्ध झाला, तो आरोपी दोषी ठरल्यानंतर. अर्थात, केवळ पत्ता जवळचा असून भागत नाही. राज्याच्या न्यायालयांतच हयात गेलेल्या वकिलापेक्षा, ऐपत नसलेल्या आरोपीला न्यायालयाने नेमून दिलेला संघीय बचाव वकील कित्येकदा उजवा ठरतो. — संपा.